आजारी वॉर्ड, रजेवर नर्स

नेदरलँड्समध्ये एखाद्या नर्सचा तिच्याच सहकाऱ्यांनी वर्षभर मानसिक छळ केला, तर शेवटी कागदावर काय उमटतं, ठाऊक आहे? 'आजारी'. एवढंच. एका सकाळी ती फोन करून आजारी असल्याचं कळवते, कारण कळवण्यासारखं दुसरं काही तिच्यापुढे नसतं. आजार कोणता हे व्यवस्थापनाने विचारायचं नाही असा इथला नियम आहे, आणि तो चांगलाच आहे. मग तिला बेद्राइफ्सआर्ट्सकडे, म्हणजे कामगारांच्या डॉक्टरकडे पाठवतात. ६व्या आठवड्यापर्यंत तिच्या अडचणीचं विश्लेषण लिहून होतं, ८व्या आठवड्यापर्यंत कामावर परतण्याचा आराखडा, ४२व्या आठवड्यात यूडब्ल्यूव्ही या सरकारी संस्थेला सूचना. वर्ष भरत आलं की 'दुसरा ट्रॅक' निघतो: तिच्यासाठी दुसऱ्या मालकाकडे काम शोधायचं. या काळात, १०४ आठवड्यांपर्यंत, किमान ७० टक्के पगार चालू राहतो. भारतातल्या खाजगी रुग्णालयातल्या नर्सला हे सांगितलं तर तिला थट्टा वाटेल, इतकं हे संरक्षण मोठं आहे.

आता त्या सगळ्या कागदांत एक गोष्ट शोधा. जिने छळ केला तिचं नाव कुठे आहे? वॉर्डचं नाव कुठे आहे? विश्लेषण झालं ते बळीचं, आराखडा निघाला तोही बळीचा, आणि दुसऱ्या मालकाकडे जायचं तेही तिनेच. बाकीच्या सगळ्या जणी सोमवारी सकाळी त्याच खुर्च्यांवर बसून त्याच यंत्रातली कॉफी पिणार.

मी इथे परिचारिका म्हणून काम करते. कुठे, ते लिहीत नाही. या लेखाला त्याची गरजही नाही. मला भांडायचं आहे ते या हिशेबाशी.

वॉर्डवर इंजेक्शनची सुई बोटाला टोचली, तर काय करायचं हे प्रत्येक नर्सला पाठ असतं. कुणाला फोन, रक्ताची तपासणी, नोंद, सगळं ताबडतोब. औषधाचा डोस चुकला तर व्हीआयएम नावाची नोंदपद्धत आहे. तिच्यात 'कुणी केलं' यापेक्षा 'कसं घडलं' हे आधी विचारतात. पण ओव्हरद्राख्तच्या वेळी, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती देताना, एकीला रोज अर्धीच माहिती दिली जाते, ती नोंदवायला कुठलाही रकाना नाही. सुईची जखम वॉर्डची मानली जाते. अपमानाची मात्र तिची स्वतःची.

कसा असतो हा छळ? तुम्ही रुग्णालयात काम करत नसाल तर तुमच्या डोळ्यांपुढे आरडाओरडा येईल. तसं क्वचितच असतं. तुम्ही ब्रेकला गेलात की टेबलावरचं बोलणं थांबतं. रोस्टरमध्ये सणासुदीच्या रात्रपाळ्या तुमच्याच वाट्याला येतात, आणि विचारलं तर 'संगणकाने लावल्या'. सगळ्यांत जड तीन रुग्ण तुमच्याकडे, आणि उचलायला मदत मागितली की प्रत्येकीचे हात नेमके भरलेले. तुमच्या डच उच्चाराची नक्कल होते, तीही रुग्णासमोर. व्हॉट्सॲपवर टीमचा एक गट असतो, आणि महिनाभराने कळतं की तुम्हाला वगळून दुसराही आहे. यातली कुठलीही एक गोष्ट तक्रार म्हणून सांगून पाहा, सांगणाराच हास्यास्पद दिसतो. त्या छळाची ताकदच तिथे आहे.

हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये हे नीट मोजायला घेतलं. अशा वागणुकीचे त्याने ४५ प्रकार नोंदवले आणि छळ कशाला म्हणायचं याची रेघ ओढली: आठवड्यातून किमान एकदा, किमान सहा महिने. ही रेघ महत्त्वाची आहे, कारण आपल्यातले शहाणे लगेच म्हणतात, आता काय, सीनियरने दोन शब्द बोलायचेच नाहीत का? बोलावेत की. 'डोस चुकलाय, पुन्हा मोज' असं कुणी चढ्या आवाजात म्हटलं तर तो छळ नव्हे, रुग्णाचा जीव वाचवणं आहे. पण तोच डोस चुकेल अशी माहिती मुद्दाम लपवायची, आणि चुकला की चारचौघींत त्याची कहाणी करायची, याला शिस्त म्हणता येणार नाही. स्वीडनने १९९३ मध्ये याविरुद्ध नियमच काढले.

आपल्या भाषेत मात्र याला फार जुना, नेमका शब्द आहे. सासुरवास. टोमणे, घालूनपाडून बोलणं, कामाचा डोंगर, स्वयंपाकघरातली कुजबुज, आणि वर 'आम्हीही सोसलंय, तुलाच काय झालं?' वॉर्डवरचा छळ अगदी याच चालीने चालतो. अमेरिकेत १९८६ मध्ये ज्युडिथ माइस्नर यांनी आपण नर्स आपलीच पिल्लं खातो का, असा प्रश्न एका नर्सिंग मासिकात विचारला, तेव्हा तिकडे खळबळ उडाली. मराठी बाईला त्यात नवल वाटलं नसतं. घरातल्या सासुरवासाला आपण १९८३ मध्ये भारतीय दंडविधानात ४९८-अ कलम घालून क्रूरता म्हटलं, आणि त्यात मानसिक छळही धरला. वॉर्डवरच्या सासुरवासाला तिकडे अजून कायद्याचं नाव नाही. २०१३चा कायदा फक्त लैंगिक छळापुरता आहे. महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंगविरोधी कायदा आहे तो शिक्षणसंस्थेपुरता. म्हणजे नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना जे रॅगिंग ठरतं, तेच स्टाफ नर्स म्हणून रुजू झाल्यावर 'वॉर्डची शिस्त' होतं.

ज्यांना कायद्याचं छत्र होतं त्यांचं काय झालं, तेही पाहा. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जळगावकडच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातिवाचक छळाचा आरोप झाला; त्याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. पण आपण आधीच वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं, हे कुटुंबाचं सांगणं कुणीही विसरू नये. त्याच वर्षी पायलच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पायल डॉक्टर होत्या, नर्स नव्हत्या. पण रुग्णालय तेच, उतरंड तीच, आणि 'कामाचा ताण असतो, मनावर घेऊ नये' हे उत्तरही तेच. आपल्याकडे या उतरंडीत जात मिसळते. इथे वर्ण, उच्चार आणि डोक्यावरचा रुमाल.

मग हे नर्सिंगमध्येच एवढं का? 'बायकाच बायकांच्या वैरी' हे उत्तर तयारच असतं. ते मला मुळीच मान्य नाही. इझाबेल मेन्झीज या मनोविश्लेषक बाईंनी १९५०च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास केला. मृत्यू, वेदना आणि चुकीची भीती यांच्याशी रोज गाठ पडते, तेव्हा सगळी यंत्रणाच ती भीती दूर ठेवण्यासाठी नियम, विधी आणि खालच्यावर ढकललेल्या जबाबदाऱ्या रचते, असं त्यांना दिसलं. शिकाऊ मुली मोठ्या संख्येने सोडून जात होत्या. १९८३ मध्ये सुझन रॉबर्ट्स यांनी दुसरा धागा पकडला: ज्या गटाकडे जबाबदारी ढीगभर आणि अधिकार चिमूटभर, तो गट वर बोलू शकत नाही, म्हणून राग आडवा आणि खाली वाहतो. सर्जन ओरडला तर त्याला कुणी उलटून बोलत नाही. तो राग दुपारपर्यंत कुठेतरी सांडतोच, आणि नवी, एकटी, भाषेत अडखळणारी जी असेल तिच्यावर सांडतो. पुरुष नर्सही यातून सुटत नाहीत.

बायकांच्या वैराची गोष्ट सांगणाऱ्याला मी केईएमचं नाव घेऊन गप्प करते. २७ नोव्हेंबर १९७३च्या हल्ल्यानंतर अरुणा शानबाग १८ मे २०१५ पर्यंत तिथे खाटेवर होत्या. सुमारे ४२ वर्षं, परिचारिकांच्या एका पिढीने दुसरीच्या हाती सोपवत त्यांची शुश्रूषा केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. जो व्यवसाय हे करू शकतो, त्याच्या रक्तात वैर नसतं. आणि डच नर्सही काही वेगळ्या मातीच्या नाहीत. २०१९ मध्ये पदवी आणि पदविका असलेल्या नर्समध्ये भेद करणारा कायदा येऊ घातला, तेव्हा त्यांनी एवढा गदारोळ केला की मंत्र्यांना तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला देशाच्या इतिहासातला रुग्णालयांचा पहिला देशव्यापी संप झाला. एकजूट येते त्यांना. सकाळी सात वाजता कॉफीच्या टेबलावर एकटी बसलेली बाई मात्र त्यांना दिसत नाही.

कुजबुज किती लांब जाऊ शकते, याचं उदाहरण इथेच, हेगमध्ये आहे. ४ सप्टेंबर २००१ रोजी युलियाना बालरुग्णालयात एका तान्ह्या मुलीचा मृत्यू झाला. लुसिया द बर्क ही नर्स अशा प्रसंगी फार वेळा ड्यूटीवर असते, असं सहकाऱ्यांत बोललं जात होतं. तिच्या पाळ्या मोजायला घेतल्या, आणि पूर्वी नैसर्गिक मानलेले प्रसंग पुन्हा तपासून संशयास्पद ठरू लागले. डिसेंबरमध्ये अटक. तिच्या डायरीतले शब्द, टॅरो पत्त्यांची आवड, खडतर पूर्वायुष्य, सगळं तिच्या विरोधात उभं राहिलं. असा योगायोग घडण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असा आकडा न्यायालयापुढे आला. २००३ मध्ये जन्मठेप, २००४ मध्ये अपिलातही जन्मठेप. पुढे टॉन डर्कसन हे तत्त्वज्ञ, मेटा द नो या त्यांच्या डॉक्टर बहिणीने आणि रिचर्ड गिल यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी तो आकडा आणि तो सगळा डोलारा उसवून दाखवला. नीट मोजलं तर शक्यता सुमारे २५ मध्ये एक इतकी सामान्य निघते, असं गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. १४ एप्रिल २०१० रोजी ती निर्दोष सुटली. तोवर तिची सहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात गेली होती आणि तिथेच तिला पक्षाघाताचा झटकाही येऊन गेला होता.

हा छळाचा खटला नव्हता, आणि त्या वॉर्डवर कुणी कट रचला असंही मी म्हणत नाही. काहींना बाळांची खरीच काळजी असणार. पण पहिल्या पायऱ्या ओळखीच्या वाटतात की नाही? एक बाई जराशी वेगळी. तिच्याबद्दल तिच्या मागे बोलणं. मग तिची प्रत्येक गोष्ट त्या बोलण्याच्या चष्म्यातून दिसणं. फरक इतकाच की बहुतेक वॉर्डांवर हे पोलिसांपर्यंत जात नाही, आजारपणाच्या फोनपर्यंत जाऊन थांबतं.

इथला कायदा याबद्दल मुका आहे असं नाही. कामाच्या परिस्थितीविषयीच्या आर्बोवेट कायद्यात २००७ पासून मनोसामाजिक ताण हे मालकाने टाळायचं संकट आहे, आणि त्यात 'पेस्टन', म्हणजे सतत सतावणं, लैंगिक त्रास, आक्रमकता, भेदभाव आणि कामाचा बोजा यांच्या ओळीला बसतं. मालकाने धोक्यांची यादी करायची, त्यात हेही लिहायचं, आणि उपाय करायचे. कागदावर सगळं आहे. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत 'फरट्राउवन्सपर्सोन'ही असते, म्हणजे विश्वासाने मन मोकळं करायची व्यक्ती. ती ऐकून घेते, मार्ग सांगते, गुप्तता पाळते. चौकशी करणं तिच्या हातात नाही. मला हा मंदिराच्या गाभाऱ्याबाहेरचा बाक वाटतो: बसून बरं वाटतं, देव मात्र जागचा हलत नाही.

शिवाय एक सापळा आहे. डॉक्टरने म्हटलं की तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या आजारी नाही, हा कामावरचा वाद आहे, तर पगाराचाच प्रश्न उभा राहतो. २००८ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की अशा वेळी काम करणं आपल्याकडून अपेक्षिणं का रास्त नव्हतं, हे कामगारानेच पटवून द्यायचं. म्हणजे आजारी ठरलात तर दोष तुमच्या मनाचा, आणि नाही ठरलात तर पुरावा तुम्हीच आणायचा. मग बऱ्याच जणी थकून सामोपचाराच्या करारावर सही करतात आणि निघतात. विचार बदलायला कायद्याने १४ दिवस मिळतात. त्या दिवसांत घरचे काय सांगतात?

घरच्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण हा लेख मी मुख्यतः तुमच्यासाठी लिहितेय. ॲम्स्टेलफेनला, आइंडहोफनला, हेगच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बऱ्याच नर्स नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागून इथे आल्या. पुण्यात, नागपुरात आयसीयू सांभाळलेल्या या बाया. इथे आल्यावर डच भाषा बी-२ पातळीपर्यंत, मग परीक्षा, कागदपत्रं, आणि कुठे वर्षांनी बीआयजी नोंदवहीत नाव लागतं. तोवर वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम. एवढं करून ती वॉर्डवर पोचते, आणि सहा महिन्यांत रात्री जेवताना हात थरथरायला लागतात. तेव्हा तिला आपण काय म्हणतो? 'दुर्लक्ष कर.' 'ते लोक डायरेक्ट असतात गं.' 'आपल्याला पैशाची गरज आहे का? सोडून दे.'

डच लोक डायरेक्ट असतात हे खरं. डायरेक्ट म्हणजे तोंडावर सांगणारे. तुम्ही खोलीत आलात की गप्प होणं, यात कसला आलाय स्पष्टपणा? 'सोडून दे' तर सगळ्यांत वाईट, कारण ते मायेने म्हटलेलं असतं. बीआयजीमधलं नाव टिकवायला ५ वर्षांत २,०८० तास काम दाखवावं लागतं. नोकरी सोडली की व्हिसा जात नाही, तो नवऱ्याच्या नोकरीवर आहे. जातं ते तिचं नर्सपण. पुढच्या गणेशोत्सवात ती मोदकांच्या ताटामागे उभी असते, आणि आपण म्हणतो, 'हिने बरं केलं, मुलांकडे लक्ष देता येतं.'

तसं या देशाला कुणी मोठं माणूस असेल तर लक्ष द्यायला जमतं. टीव्हीवरच्या एका गाजलेल्या कार्यक्रमातल्या वागणुकीवरून २०२२ मध्ये गहजब झाला, मार्टिन व्हान राइन यांची समिती बसली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सार्वजनिक प्रसारण क्षेत्राबद्दलचा तिचा अहवाल आला. त्याचं नावच सांगतं की कुणी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही, केलं नाही. हेच व्हान राइन पूर्वी आरोग्य खात्याचे राज्यमंत्री होते. झुटरमेरच्या रात्रपाळीवरची नर्स टीव्हीवर नसते, म्हणून तिच्यासाठी समिती बसत नाही.

दरम्यान माणसं हवीच आहेत. २०१९ मध्ये डच राजदूतांनी केरळच्या मुख्यमंत्र्यांशी नर्सच्या तुटवड्याबद्दल बोलणी केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शेजारच्या जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केला, १०,००० कुशल मनुष्यबळाच्या गोष्टी झाल्या, त्यात परिचारिकाही आहेत. मुलींना जर्मन शिकवतील, सलाईन लावायची तिकडची पद्धत शिकवतील. वॉर्डवर एकटं पाडलं तर कुठल्या कायद्याखाली कुणाकडे जायचं, हे शिकवणार आहेत का? ज्या सरकारला परदेशी पाठवायची घाई आहे, त्याला हा प्रश्न मुंबईत विचारला गेला पाहिजे, श्टुटगार्टला पोचल्यावर नव्हे.

इथे आधीच असलेल्यांसाठी, जे करता येतं ते सांगते. घरी एक वही ठेवा: तारीख, वेळ, काय घडलं, कोण हजर होतं, विशेषणं नकोत. रुग्णांची नावं मात्र त्यात कधीही लिहू नका, नाहीतर तीच वही तुमच्यावर उलटेल. एनयू-९१ किंवा एफएनव्हीसारख्या संघटनेचं सभासदत्व त्रास सुरू होण्याआधी घ्या. संघटनेने मागणी केली तर कामगार निरीक्षणालयाला चौकशी करावी लागते. बेद्राइफ्सआर्ट्सला तोंडावर विचारा, हा व्यावसायिक आजार म्हणून राष्ट्रीय केंद्राकडे कळवणार का? कामामुळे झालेला आजार कळवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. त्याचं म्हणणं पटलं नाही तर २०१७ पासून दुसऱ्या डॉक्टरचं मत मागायचा हक्क आहे. रुग्णालयाच्या कामगार परिषदेला विचारा, आमच्या वॉर्डच्या धोक्यांच्या यादीत पेस्टन लिहिलंय का, आणि त्यापुढे उपाय कोणता लिहिलाय.

नवरे, सासवा, मैत्रिणी यांनी संध्याकाळी ती वही वाचून दाखवायला सांगावी, सल्ला न देता ऐकावी. टीमलाइडरबरोबरच्या बैठकीला जाताना सोबत कुणाला तरी नेता येईल का, ते आधी ईमेलने विचारून ठेवा. आणि बैठकीत हे एक डच वाक्य पाठ करून जा: 'इक विल दात दित वोर्त ओपखेस्ख्रेव्हन.' हे लिहून ठेवलं जावं, अशी माझी इच्छा आहे. मग त्याची प्रत मागा, आणि मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.